गाडी कोणाच्या हातात होती

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोटातलं सगळं एकमेकांना सांगणारी माणसं आम्ही — पण ही एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली. दादापासून लपवली. आई तर ती न कळताच गेली. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की वयनी आता नाही म्हणून? माझं मलाच नीट सांगता येत नाही.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे वहिनीला वयनीच म्हणतात. गेल्या श्रावणात ती गेली. फार आजारी नव्हती. ताप आला, कुडाळला नेलं, आणि परत आणली ती तशीच. दिवसकार्य झालं तेव्हापासून मी माहेरी जाणं टाळते. मालवणहून तासाभराचं अंतर, गाडी माझी स्वतःची, चालवते मीच. तरी टाळते. कारण घरी जायचं तर त्या दोन पट्ट्यांवरून गाडी चढवावी लागते.

आमचं घर डांबरी रस्त्यापासून आत, उंचावर आहे. पूर्वी वर यायला नुसती तांबड्या मातीची चढण होती. पावसाळ्यात तिचा ओढाच व्हायचा. दादा बोटीवर नोकरीला होता. एका रजेत त्याने जुनी पांढरी गाडी घेतली आणि ती घरापर्यंत यावी म्हणून चढणीवर काँक्रीट घालायचं ठरवलं. सगळा रस्ता करणं झेपणार नव्हतं. म्हणून दोन पट्टे घातले — डावीकडच्या चाकांसाठी एक, उजवीकडच्या चाकांसाठी एक. मधे गवत. काजूंच्या झाडांमधून ते दोन पांढरे पट्टे खाली रस्त्यापर्यंत गेले होते. रिक्षा मात्र त्यावरून येत नसे. तिचं पुढचं चाक नेमकं मधल्या मातीत यायचं आणि रुतायचं. रिक्षावाले खालीच थांबून हॉर्न वाजवायचे.

मग आम्ही दोघी पिशव्या घेऊन वर चढायचो. एका पट्ट्यावर ती, दुसऱ्यावर मी. मधे गवत, आणि गवतावरून आमच्या गप्पा. बाजारात बांगडा कसा दिला, दादाचा फोन आला तेव्हा तो काय म्हणाला, मला बघून गेलेल्या मुलाचे कान कसे होते. ती हसायला लागली की चालायची थांबायची. हसत चालणं तिला जमायचंच नाही. मीही माझ्या पट्ट्यावर थांबायची. मला आज दुसरं काही नको, तेवढी एक चढण तिच्याबरोबर परत चढायला मिळाली तर — पण हे म्हणायचा मला काय अधिकार आहे? तेच तर सांगायचं आहे.

वयनी दोडामार्गची. तिच्या वडलांची रबराची बाग होती आणि बागेत जुनी जीप. लग्नाआधी वयनी ती जीप चालवायची. आमच्या घरात आल्यावर तिने त्याचा फारसा उच्चार केला नाही, आईला आवडलं नसतं. पण तिच्या वडलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा दादाने बोटीवरून फोन करून सांगितलं, गाडी नुसती उभी आहे, तीच घेऊन जात जा. आईचा चेहरा उतरला, पण दादाचा शब्द मोडवेना. मग दर आठवड्याला वयनी सकाळी भात-आमटी करून ठेवायची, आणि गाडी उलटी खाली नेऊन रस्त्याला लावायची. हो, उलटी. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तेव्हा वळवायला जागा नव्हती. त्या अरुंद पट्ट्यांवरून मागे बघत ती गाडी अशी खाली न्यायची, जसं कुणी पोहऱ्याला दोर सोडावा. संध्याकाळी परत. येताना वडलांच्या बागेतली केळी, आणि चेहरा असा, की घरात दिवा आधीच लागला आहे असं वाटावं.

मला शिकव, म्हणून मीच तिच्या मागे लागले. दुपारी आई झोपली की आम्ही गाडी काढायचो. घरापासून काजूच्या शेवटच्या झाडापर्यंत खाली, आणि परत वर. ती बाजूला बसायची. कधी ओरडली नाही. माझं चाक कडेला गेलं, की नुसता माझ्या हातावर हात ठेवायची. तो हात — हळद आणि रॉकेलचा वास यायचा त्याला.

बघा, मी अजून तिथपर्यंत येतच नाही. वळसे घालते आहे.

काजूचा हंगाम होता. दुपारी मी गाडीत बसले होते, आणि वयनीला आठवलं की मागच्या दारी भात उकडायला ठेवलेल्या हंड्याखाली लाकडं तशीच जळत आहेत. "थांब हां, मी इलंय," म्हणून ती गेली. मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, ती येईपर्यंत आपण एकटीने गाडी खाली नेऊन दाखवू. किती खूश होईल ती. मी गाडी उलटी घेतली. थोडं अंतर बरं गेलं. मग एका ठिकाणी, जिथे पावसाने कडेची माती वाहून पट्टा वीतभर उंच राहिला होता, तिथे मागचं चाक खाली पडलं. मी घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं. गाडी तिरकी होऊन कुंपणाच्या गडग्यावर आदळली. चिऱ्यांचा तो कमरेएवढा गडगा एका बाजूला ढासळला.

आणि पलीकडून आईची किंकाळी आली.

आई घरात झोपली आहे असं मी समजत होते. ती पडलेल्या काजूच्या बिया वेचायला गडग्यामागे गेली होती. तिच्या डाव्या पायावर चिरे पडले होते.

वयनी धावत आली. तिने चिरे उचलून बाजूला टाकले, आईचा पाय माझ्या ओढणीत गुंडाळला. मी नुसती उभी होते. रिक्षा वर येणार नव्हती. वयनी गाडीत बसली, चाकाखाली दगड घालायला मला सांगितलं, आणि दोन झटक्यांत गाडी परत पट्ट्यावर घेतली. आईला मागच्या सीटवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. कुडाळपर्यंत वयनी एकदाच बोलली, "पाय हालव नको तेंचो." आई अर्धवट शुद्धीत होती.

दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर आई पूर्ण शुद्धीवर आली. मी तिच्या उशाशी बसले होते. वयनी थर्मासमध्ये चहा भरून आणायला गेली होती. आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कोणाच्या हातात होती गो?"

मी म्हणाले, "वयनीच्या."

इतकंच. एकच शब्द. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की तेव्हा माझं लग्न जुळत आलं होतं, मालवणच्या माणसांच्या कानावर जायला नको होतं, आणि वयनीचं काय, ती तर घरचीच सून, तिचं काय बिघडणार होतं? हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी माझ्या मनात लग्न नव्हतं. मी आईच्या डोळ्यांना भ्याले, आणि तोंडातून ते निघालं.

मान वळवली तर वयनी दारात उभी. हातात थर्मास. तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली — किती वेळ ते सांगता येणार नाही, मला तो अजून संपला आहे असं वाटत नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नीट बघत होती, जणू मी कोण आहे ते पहिल्यांदाच कळत होतं.

आईने तिला विचारलं, "खरा काय ता?"

"होय," वयनी म्हणाली. "माझ्याच हातात होती."

"ती चावी हाड हय," आई म्हणाली.

वयनीने कमरेची चावी काढून तिच्या हातावर ठेवली. आणि मग आम्हाला तिघींना घरी जायला रिक्षा करावी लागली. रिक्षा खाली रस्त्यावर थांबली. आईला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी वर नेलं. मागून पिशव्या घेऊन आम्ही दोघी. त्या दिवशीही ती एका पट्ट्यावरून चालली आणि मी दुसऱ्यावरून. वाटेत कुठे थांबली नाही.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली असं समजू नका. जेवायला वाढायची, केसांना तेल लावून द्यायची, आईच्या पायाला रोज शेक द्यायची. आईचा पाय अधू राहिला तो राहिलाच. लंगडत चालताना ती सुनेला बोल लावायची आणि वयनी ऐकून घ्यायची. गाडी शेजाऱ्यांनी कुडाळहून आणून लावली, आणि चावी आईच्या ट्रंकेत गेली. दादाने फोनवर सगळं ऐकलं आणि तोही म्हणाला, नको आता गाडी, एसटीने जा. एसटीने दोडामार्ग म्हणजे दोनदा गाडी बदलायची. जाऊन त्याच दिवशी येणं होईना. मुक्काम आईला चालेना. वयनीचं दर आठवड्याचं जाणं महिन्यावर गेलं, मग पाऊस लागला. त्याच पावसात तिचे बाबा गेले. निरोप आला तेव्हा ती निघाली, पण सावंतवाडीला पुढची गाडी चुकली. पोचली तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी परतली होती.

ती परत आली त्या दिवशी मी पडवीत होते. पट्ट्यांवरून ती वर येताना दिसली, भिजलेली, चपला हातात. मी उठून पुढे जायला हवं होतं. तिच्या पायाशी बसून आईला हाक मारायला हवी होती. नाही का? मी आत जाऊन तिच्यासाठी टॉवेल आणला. टॉवेल! तिने घेतला आणि म्हणाली, "बाबांनी शेवटी माझा नाव घेतल्यानी म्हणतत." मग चुलीकडे गेली.

माझं लग्न झालं. निघताना तिने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "थंय गेल्यार गाडी चालवूक शीक. सोडू नको." तुम्हीच सांगा, असं माणूस का बोलतं? माफ केलं म्हणून? की मी विसरू नये म्हणून? मी तिला कधी विचारलं नाही. शिकले मात्र. आज तारकर्लीला येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून मीच आणते. चांगली चालवते, सगळे म्हणतात. चढणीवर, उलटी, अरुंद जागेतून — कुठेही. हे सगळं तिचं आहे.

दादा बोटीवरून कायमचा परत आला, त्याने नवीन गाडी घेतली. वयनीने तिला कधी हात लावला नाही. घरात तो एक विनोदच झाला. कुणी पाहुणा आला की दादा मायेनेच म्हणायचा, "हिच्या हातात चावी देव नको रे, गडगो पाडीत." सगळे हसायचे. वयनी कोकमाची सोलं निवडत हसायची. आणि मी? मीही हसायचे. गणपतीला, लग्नाकार्याला, प्रत्येक वेळी. एकदाच बोललेलं खोटं होतं असं म्हणता आलं असतं. पण मी ते हसून हसून वर्षानुवर्षं बोलत राहिले.

वयनीच्या दिवसकार्याला दोडामार्गहून तिचा भाऊ आला होता. जेवणं झाल्यावर सगळे पडवीत बसलो. तो सहज सांगू लागला की लग्नाआधी ती बागेतली जीप कशी चालवायची, चिखलात रुतलेली जीप गड्यांना जमली नाही ती तिने कशी काढली. दादा डोळे पुसत हसला, म्हणाला, बागेतलं वेगळं, इथे काही तिला गाडी जमली नाही.

दादाची मुलगी मीनल माझ्याजवळ येऊन बसली. ती गोव्यात नोकरी करते, तिनेही नुकतीच गाडी शिकायला घेतली आहे. मामाचं बोलणं ऐकून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं — आईबद्दल नवीनच काही कळल्यासारखं. तिने हळूच विचारलं, "आत्या, तू तेव्हा थंयच होतंस ना? ता कसा झाला?"

आई नव्हती. वयनी नव्हती. माझं लग्न मोडणार नव्हतं. मला कुणी काही करणार नव्हतं. समोर फक्त तिची मुलगी होती, आणि तिला तिची आई हवी होती.

मी म्हणाले, "चाक पट्ट्यावरून खाली गेला गो. तिचा लक्ष नाय होता."

मीनलने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर आलेलं ते विझलं. ती उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. साखर बरोबर आहे का, असं तिने विचारलं. बरोबर आहे म्हणाले, आणि प्यायले.