प्लॅटिपसच्या पिल्लांचं दूध
अळिवाच्या खिरीचा वास आला की मला सिंगापूरमधल्या बेडोकचा तो फ्लॅट आठवतो. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला सासूबाई पुण्याहून अळीव घेऊन आल्या होत्या, तरी मला दूध पुरेसं येत नव्हतं. एका रविवारी नवरा थोरलीला प्लॅटिपसचं पुस्तक वाचून दाखवत होता; सासूबाईंनाही कळावं म्हणून मराठीत सांगत होता, "या मादीला स्तनच नसतात, दूध कातडीतून झिरपतं, पिल्लं ते चाटून पितात." सासूबाईंनी खिरीची वाटी माझ्यापुढे आदळली. "बघ, त्या जनावरालाही जमतं!" नवरा खो खो हसला. थोरलीने विचारलं, "पप्पा प्लॅटिपस डू व्हॉट?" नर पिल्लांकडे फिरकतही नाही, असं पुढच्याच ओळीत छापलेलं मला दिसत होतं. नवऱ्याने पान उलटलं. दोन्ही मुली मी एकटीने वाढवल्या. ती ओळ अजून पाठ आहे.