बुक्कीने फोडलेला कांदा

पुण्याच्या उन्हाचा आमच्या अमरावतीच्या मित्राइतका अपमान आजवर कोणी केला नसेल. हिंजवडीला आम्ही एकाच कंपनीत, एकाच बसने जायचो. एप्रिल लागला की मी, शनिवार पेठेत जन्म काढलेला माणूस, उकाड्याला नावं ठेवायला लागायचो आणि हा म्हणायचा, "याले ऊन म्हन्ते का बे?" मात्र त्याच पठ्ठ्याच्या खिशात होळीपासून पाऊस पडेपर्यंत कांदा असायचा. ऊन बाधू नये म्हणून त्यांच्याकडे तसा ठेवतात. आमच्या ऑफिसात एसी असा, की मुली स्वेटर घालून बसायच्या. गेटवरचा वॉचमन रोज किल्ल्या, मोबाइल आणि कांदा त्याला अदबीने परत करायचा. एकदा परदेशातून आलेल्या साहेबांशी हात मिळवताना तो कांदा घरंगळत थेट त्यांच्या बुटाशी गेला. याने तो उचलला, पुसला आणि साहेबांना विदर्भाचं हवामान समजावून सांगितलं. पुण्यात ऊनच नाही तर कांदा कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पन हे मायले कोन सांगन?"

शहाणी माणसं मे महिन्यात डोंगर चढत नाहीत, म्हणून तो नेमका मे महिन्यातच चढायचा. मला आणि लोणी काळभोरच्या आमच्या तिसऱ्या मित्राला ओढून न्यायचा. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, वाटेतली करवंदं तोंडात टाकत तो पुढे, आणि आम्ही मागे धापा टाकत. किती राहिलं, असं विचारलं की एकच उत्तर यायचं, "आलंच." ते कधीच आलेलं नसायचं. वर पोचलो की खिशातला कांदा दगडावर ठेवून तो एका बुक्कीत फोडायचा. लोणीकराच्या घरच्या भाकऱ्यांबरोबर आम्ही तिघं तो वाटून खायचो. सुरी त्याला चालत नसे. "कापला तं रडवते, फोडला तं नाई रडवत," हा त्याचा सिद्धान्त. आपण यावर ग्रंथ लिहावा, असं मी त्याला अनेकदा सुचवलं.

मग त्याला पोटाचं दुखणं लागलं. चाळिशीही न गाठलेला धिप्पाड माणूस बघता बघता अर्ध्यावर आला. मोठे उपचार सुरू व्हायच्या आधी त्याला एकच हवं होतं, तोरण्याचा माथा. झेपेल तितकंच जा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पहाटेच निघालो. दर झाडाच्या सावलीत बसत, त्याला हात देत चढलो. पण ऊन डोक्यावर आलं तरी शेवटचा कातळ वरच राहिला. तिथे तो खाली बसला आणि आजवर कधी न विचारलेलं विचारलं, "किती रायलं बे?"

"आलंच," मी म्हणालो.

"माहंच मले शिकवतं का?" तो हसला. पण उठला नाही. खिशातून कांदा काढून त्याने माझ्या हातात दिला. "वर जाऊन फोडा. माहा वाटा खाली आनजा."

आम्ही नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. आम्ही दोघं वर गेलो. कांदा दगडावर ठेवून मी बुक्की मारली. त्याचा सिद्धान्त त्या दिवशी खोटा ठरला. लोणीकर तोंड फिरवून बसला होता, मलाही समोरची भाकरी दिसेना. त्याचा वाटा रुमालात बांधून आम्ही उतरलो.

दिवाळीच्या आधीच तो गेला. हल्ली पुण्यातही ऊन चांगलंच तापतं, सगळे म्हणतात. माझ्या तोंडून मात्र ते निघत नाही. त्या दिवशी खाली येऊन रुमाल त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा त्याने आधी आमच्याकडेच पाहिलं होतं.

"डोये कायले लाल झाले बे?"

"ऊन लागलं," मी म्हणालो.

कांद्याची पाकळी तोंडात टाकत तो म्हणाला, "पुन्यात कुठून आलं बे ऊन?"