चौदा भोंगे

धक्क्यावरच्या खानावळवाल्या मावशीचा राग म्हणजे साधासुधा नव्हे. ती तापली की मांजरसुद्धा मासळीचा नाद सोडून छपरावर जाई. पण त्या हंगामात ती तापली, ते मात्र अगदी रास्त.

तिचं काम कसं चाले ते आधी ऐका. तिचा धाकटा भाऊ स्वतःच्या लाँचमधून पर्यटकांना बेटावर आणी. दीपस्तंभाच्या खडकाला वळसा घातला की विचारी, "जेवणार कोण कोण?" जितके हात वर, तितके भोंगे. इकडे मावशी कान टवकारून मोजी आणि तेवढ्याच माणसांचे तांदूळ धुवी. लाँच लागेस्तोवर भाताला वाफ आलेली. एकोणीस वर्षांत कधी शीत वाया गेलं नाही, कुणी उपाशी उठलं नाही.

मग टेकडीवरच्या हॉटेलानं लाँच भाड्यानं धरली. भावाला पांढरी टोपी दिली आणि भोंगा बंद केला. पाहुण्यांना म्हणे शांतता हवी. वर रंगीत कागद छापला: बेटावर काय कराल, कुठे खाल. पोहा, काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघा, सूर्यास्त बघा. खायला एकच जागा, हॉटेल. आणि सातव्या नंबरावर? 'जुन्या पद्धतीची चूल पाहा.'

चूल मावशीची!

भरल्या पोटी माणसं येत, फोटो काढत, जात. भात तसाच. एके दिवशी एक बाई म्हणाली, "जरा जास्त धूर करता का?"

मावशीनं कळशी उचलली आणि पेटत्या चुलीत उपडी केली. राख उडाली, माणसं मागे सरली. "घ्या धूर!" म्हणत ती तशीच अनवाणी भावाच्या लाँचपाशी गेली.

"उतर खाली!"

"ताई, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! माझी चूल काय प्रदर्शनात मांडलीस?"

"कागद त्यांनी छापला गं. पोटासाठी करावं लागतं."

"आणि मला पोट नाही? ऐक. भोंगा वाजला तर चूल पेटेल. नाहीतर तुझ्यासाठीसुद्धा नाही!"

तीन दिवस चूल गार. पाहुणे ओली राख बघून कुरकुरले. मॅनेजरनं भावाला गाठलं. "बहिणीला सांग, निदान बघायपुरती तरी पेटव."

बघायपुरती! हा शब्द भावाच्या जिव्हारी लागला. याच चुलीवरचं खाऊन तो मोठा झालेला.

चौथ्या दिवशी खडकामागून भोंगा वाजला. एक, दोन, तीन... चौदा! मावशीनं तोंडानं शिव्या देत हातानं तांदूळ धुतले.

लाँच लागली. खानावळीत शिरले पाचच. मागून भाऊ, बोडका.

"चौदा वाजवलेस मेल्या, नि पाच आणलेस? बाकीचा भात समुद्रात घालू?"

"हात पाचच वर झाले ताई. पुढचे रागानं वाजले."

"आणि टोपी?"

"परत केली. लाँच माझी, भोंगा माझा."

"बस मग. नऊ जणांचं तुला संपवायचंय. मधेच उठलास तर याद राख!"

आणि तिनं भाताचा पहिला डाव असा आपटला, की ताट दणाणलं.