क्रेफिशची कात

आखातात, माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीने दुकानातून क्रेफिश आणला, तेव्हा मी रत्नागिरीच्या तोऱ्यात निकाल देऊन टाकला, "शेवंडीचं पिल्लू आहे."

"नो मम्मा, लुक ॲट द क्लॉज."

खरंच की! समुद्रातल्या शेवंडीला कुठे अशा नांग्या असतात? ह्याच्या तर दोन दणदणीत. हा गोड्या पाण्यातला, ओढ्याच्या दगडाखाली राहणारा. इथल्या नळाच्या पाण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून त्याच्या टाकीत आमचंच प्यायचं बाटलीतलं पाणी. पण काय त्याचा रुबाब! संध्याकाळी मिशा हलवत बाहेर यायचा. काचेला बोट लावलं की नांग्या उगारायचा. अगदीच घाबरला तर शेपटी आपटून उलटा सुसाट. मी तर त्याच्या प्रेमातच पडले.

एका सकाळी, लेक शाळेत गेल्यावर पाहिलं तर तो वाळूवर आडवा. हालचाल नाही. नवरा मआमीरच्या कारखान्यात कामावर निघाला होता. तो डोकावून म्हणाला, "खलास." जिभेला हाड म्हणून नाही माणसाच्या!

लेक यायच्या आत आवरावं म्हणून मी त्याला उचललं आणि बाजारात खेकडा दाबून बघतो तसं सवयीने दाबलं. हलका, पोकळ. पोकळ खेकडा आम्ही घरात घेत नाही. हात आपसूक कचऱ्याच्या डब्याकडे गेला.

परत वळते तर टाकीत दगडामागे काहीतरी हललं. अगं बाई! तोच, फिकट, भिजवलेल्या पोह्यासारखा मऊ. मिशांपासून नांग्यांपर्यंत अख्खा अंगरखा उतरवून बसला होता. मला रडूच आलं.

दुपारी लेकीला सांगितलं, तर आधी उड्या मारल्या, मग चेहरा उतरला. "मम्मा, व्हेअर इज द शेल? ही हॅज टू ईट इट!" जुनं कवच खाल्लं की नवं लवकर घट्ट होतं म्हणे. तोवर त्याला कुणीही सहज मारू शकतं.

मी कोपरापर्यंत डब्यात हात घातला. चहाचा चोथा झटकला, कवच धुऊन टाकीत सोडलं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो बाहेर आलाच नाही. आम्ही तिघं जेवणं सोडून टाकीसमोर बसलो होतो. शेवटी आला, अडखळत. कवच चाचपलं, जवळ ओढलं, आणि पहिला घास घेतला तो स्वतःच्याच जुन्या नांगीचा.