नैवेद्याआधीचा वास

शालिकरामनं चाळीस वर्षं मोर्शीच्या भागात तेरव्यांचा स्वयंपाक केला. पाचशे पानं असोत की दोन हजार, नैवेद्य दाखवण्याआधी त्यानं भाजी कधी जिभेला लावली नाही. मीठ कमी की जास्त, हे तो वाफेवर वाकून सांगे. चुकत नसे.

२०२१च्या फेब्रुवारीत कोरोनामुळे अमरावती जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली. गावातले नत्थुजी पोटाच्या दुखण्यानं गेले होते. तेरवीला वीस माणसांची परवानगी होती. त्यांच्या मुलानं, किशोरनं, साठ जणांना सांगितलं. "मागच्या दारानं येतीन," तो म्हणाला. "बाप एकदाच मरते, काका."

शालिकराम पहाटेच कामाला लागला. कणीक मळली, रोडगे वळले, गोवऱ्यांच्या विस्तवात दडपले. नत्थुजींची बायको कौशल्याबाई शेजारी बसून वांगी चिरत होती. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच चार शब्द बोलत होती. मास्क दोघांचेही हनुवटीवर.

दहाच्या सुमारास तो भाजीवर वाकला. वाफ तोंडावर आली. वास आला नाही.

फोडणी कमी पडली असेल म्हणून त्यानं हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही. गोवऱ्यांच्या धुरात तोंड घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकाला धूर कळला नाही. कालपासून अंग मोडून आलं होतं. गंजासारखी जड पातेली उचलल्यानं असेल, असं त्यानं धरलं होतं.

तो विस्तवापासून दोन पावलं मागं सरला. बोललो तर तेरवी मोडते, आणि पुन्हा कोणी आपल्याला चुलीशी उभं करत नाही. नाही बोललो तर साठ माणसं या अंगणात बसतात, आणि एकेकाच्या पानावर वाकून वाढणार आपणच.

त्यानं किशोरला लांबच थांबवलं. "जवळ येऊ नको. मले वास येऊन नाही राहिला."

"गुमान राहा ना, काका. सर्दी असन."

"चाळीस वर्षांत सर्दीनं माहं नाक नाही गेलं. लोकाईले घरी पाठव."

"अन् बाबाचं पान?"

"तुह्या हातानं मूठभर भात शिजव. कावळा आचारी नाही पाहत."

किशोर पाय आपटत मागच्या दाराकडे गेला. आलेली माणसं कुरकुरत परतली. शालिकराम कुंपणाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याची नजर कौशल्याबाईवर गेली. पहाटेपासून पाच तास, हातभर अंतरावर, अडुसष्ट वर्षांची बाई.

"वयनी," त्यानं तिथूनच हाक मारली, "भाजीचा वास येते काय तुमाले?"

कौशल्याबाई गंजावर वाकली. दोनदा श्वास ओढला.

"येते ना, भाऊ. मस्त येते. तुमी काहून भेता?"

गंजाच्या कडेनं काळा धूर निघत होता. ढवळायचं राहून गेलं होतं. भाजी बुडाशी केव्हाच करपली होती.