हमीद मास्तर आणि ‘खून’ या शब्दाचा अर्थ

हमीद मास्तर गेल्याचं कार्ड सेलूहून आलं तेव्हा मी दाढी करत होतो. त्यांच्या मुलानं, कलीमनं, खाली लिहिलं होतं, ‘चाचा, तुम्ही अब्बांचा जीव वाचवलात. त्यांच्यावर तुम्हीच लिहावं.’ दाढी अर्धी तशीच राहिली... महिना झाला, कागद पुढ्यात घेतो आणि उठतो. आज मात्र लिहितोच.

निजामी अमलात आमची शाळा उर्दूतून. घरात मराठी, बाजारात दखनी, परीक्षेत उर्दू. तिन्हीत आम्ही सारखेच कच्चे. मास्तर सातवीला उर्दूचं पुस्तक शिकवत. त्यात एका लाकूडतोड्याची गोष्ट होती. तो रानातून धावत गावात येतो, कपडे रक्तानं भरलेले, गावकरी त्याला दगडांनी ठेचून मारतात, आणि शेवटच्या पानावर कळतं की वाघानं फाडलेल्या वाटसरूसाठी तो मदत मागायला आला होता. परीक्षेत प्रश्न आला, लाकूडतोड्याचा किरदार बयान करो, म्हणजे त्याचा स्वभाव सांगा. शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं. कपड्यांवर ‘खून’ होता एवढं मात्र आठवत होतं, आणि आपल्याकडं खून म्हणजे हत्या, उर्दूत मात्र नुसतं रक्त. मी ठोकून दिलं की लाकूडतोड्या खुनी होता आणि त्याला योग्य शिक्षा झाली. मास्तरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, पोट धरून हसले, आणि मग निंबाच्या छडीनं माझे तळवे सुजवले. “खून का माने गलत लिखा, वो माफ,” म्हणाले. “मगर तू भी लोगां के साथ पत्थर मारा, उसकी छडी खा.” मग त्यांनी माझ्या वहीत उभी रेघ मारली. डावीकडं लिहायचं, लोक त्याच्याविषयी काय म्हणाले. उजवीकडं, त्यानं स्वतः काय केलं. किरदार उजवीकडून काढायचा. आणि गोष्टीचा मतलब? तो या दोन बाजूंच्या भांडणात सापडतो, असं ते म्हणायचे. पुढं मी मराठी शिकवत आयुष्य काढलं, पण याहून शहाणं काही मला कुणी सांगितलं नाही.

शाळा सुटून चार वर्षं झाली आणि निजामी अमलाचं शेवटचं वर्ष आलं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीनं आमच्या गावात माझ्या काकांना चावडीपुढं तलवारीनं तोडलं. त्यांचं मुंडकं आजीनं पदरात उचललं ते मी पाहिलं. पुढं भारताची फौज आली, टोळीवाले पळाले, आणि मग आमच्या लोकांच्या अंगात आलं. पळालेले हाती लागेनात, म्हणून दिसेल त्या मुसलमानावर धावून जायचं. सेलूत कापसाच्या जिनिंगजवळच्या गल्लीत त्या दिवशी आम्ही पंधरा-वीस जण होतो. माझ्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. समोरून मास्तर धावत आले, सदरा लाल, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

“खून रुकता नै... जल्दी चलो!”

“खून केला म्हणायलाय बघा,” आमच्यातला एक जण म्हणाला. “धरा त्याला.”

त्या घोळक्यात उर्दू शिकलेला मी एकटा. रक्त थांबत नाही, चला, असं मास्तर म्हणतायत हे मला कळलं. नीट कळलं. तरी पहिला फटका मीच मारला, त्यांच्या उजव्या मनगटावर, आणि हाड मोडल्याचं हाताला जाणवलं. मग बाकीचे तुटून पडले. खाली पडलेले मास्तर माझ्याकडं बघत म्हणाले, “विठ्ठल, पीछे मारोती पडा है रे.” मारोती म्हणजे जिनिंगवरचा हमाल, आमच्याच गावचा. मी धावलो. पळत्या टोळीतल्या कुणीतरी त्याचं पोट फाडलं होतं, आणि मास्तरांनी स्वतःची शेरवानी काढून जखमेवर आवळली होती. मी पोचलो तेव्हा तो संपला होता, अंग अजून गरम होतं. परत येऊन मी लोकांना शिव्या घातल्या, ढकललं, आणि मास्तरांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी फौजेचा अधिकारी जबानी घ्यायला आला. मारणारे कोण होते, त्यानं विचारलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मास्तर म्हणाले, “लोगां बहुत थे, साब. नाम नै मालूम. ये मेरा शागिर्द. इन्ने मेरे कू इधर लाया.” अधिकाऱ्यानं माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

तो हात पुन्हा धड झाला नाही. मास्तर डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले. पहिली अक्षरं अशी वाकडी यायची की पोरं खिदळायची, आणि तेही हसायचे. दर ईदला मी जायचो. एकदाच धीर करून म्हणालो, “मास्तर, त्या दिवशी...” “चाय ठंडी हो रई,” ते म्हणाले, आणि कप माझ्यापुढं सरकवला. मला रडू आलं. त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

गावानं मला देवमाणूस ठरवलं, सत्कार केला, आणि मी मान पुढं करून हार घालून घेतला. कलीम, तुझ्या अब्बांचा हात मी मोडला. मारोतीकडं वेळेवर कुणी पोचलं नाही, तेही माझ्यामुळं. अब्बांना सगळं माहीत होतं, त्यांनी तुला सांगितलं नाही. मी सांगतोय.