म्हसोबाचा पाचोळा

चाकणच्या त्या कंपनीच्या गेटातून आत शिरलं की सुमेधाबाईंचं डोकं तापायला लागायचं. बाई चिंचवडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. कंपनीच्या मागच्या अंगाला करंज-बेहड्याचं जुनं रान राहिलं होतं. ते तोडून ट्रकांसाठी पार्किंग करायचं वरच्या साहेबांच्या मनात होतं. माती जिवंत निघाली तर रान राहील, मेलेली निघाली तर झाडं जातील, असं ठरलं आणि तपासायचं काम बाईंकडे आलं.

काम तसं साधं. मूठभर माती नरसाळ्यात ठेवायची, वर दिवा लावायचा. उष्णता सोसेना म्हणून मातीतले मोहरीहून बारीक जीव खाली बाटलीत उतरतात. ते भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचे असले की माती धडधाकट. पण त्यांना वर पाचोळ्याचं पांघरूण लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

बाई येणार म्हटलं की बागेचा मुकादम सयाजी सगळं रान अंगणासारखं झाडून ठेवायचा. मग बाटलीत उतरणार काय, कपाळ?

"अहो, झाडू नका म्हणाले होते ना मी?"

"आज कुटं झाडलंय बाई? कालच उरकलं. तपासनीला मानसं येनार म्हनल्यावर कचरा कसा ठेवायचा?"

पुढच्या खेपेला बाईंनी त्याला समोर बसवून समजावलं, की मातीत जीव दिसले पाहिजेत. त्याने मान डोलावली आणि खतवाल्याकडून गांडुळांची पोती आणून रानात ओतली. वर मॅनेजर गणराज कौतुकाने विचारतो, "मॅडम, आता तरी पास ना?" बाईंना हसावं की रडावं कळेना.

रानाच्या कोपऱ्यात म्हसोबाचा शेंदरी दगड होता. त्याच्या जागेतली काडीसुद्धा कोणी उचलत नसे. बाईंनी वैतागून तिथली माती नेली, तर बाटलीत नुसती वळवळ. बाकीचं रान मात्र मेल्यात जमा. बाईंनी खरं तेच लिहून दिलं आणि पावसाळा सरेपर्यंत मुदत मागून घेतली. मुदत मिळाली, पण सयाजीचा झाडू काही थांबेना.

जन्मभर वर्गात अंधश्रद्धेविरुद्ध घसा कोरडा केलेल्या बाई मग एका सुट्टीच्या दिवशी पिशवीत शेंदूर घेऊन आल्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघून रानातल्या चार धोंड्यांना त्यांनी तो फासला. हात धुताना त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन निघालेला सयाजी चपला काढून, हात जोडून तसाच माघारी फिरला, असं वॉचमनने सांगितलं.

पावसाळा सरला तेव्हा रानात घोटाभर पाचोळा होता आणि बाटलीत जीवच जीव. पार्किंग दुसरीकडे गेलं. बाई चार दिवस खुशीत होत्या.

मग गणराजचा फोन आला. "मॅडम, आपल्या रानात देव प्रकटलेत. कामगारांनी वर्गणी काढलीय. खालचं सगळं साफ करून फरशी बसवतोय, वर पत्र्याची शेड. मी आत्ता तिथंच उभा आहे. उद्घाटनाला तुम्हीच पाहिजे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. या माणसांना मातीचं शास्त्र सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. आता पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"गणराज, फरशी नको," बाई म्हणाल्या. "म्हसोबा माझ्या स्वप्नात आला होता. त्याला पाचोळाच हवाय."

मग हळू आवाजात गणराज म्हणाला, "चपला काढल्यात, मॅडम. अजून काय म्हणाले देव?"